मार्गदर्शन व्हावे ही विनंती : प्लिनी, ट्राजन आणि निकोमिडियाची आग

जुनी_नस्ती | मंगळवार, रात्री १०.४०

३१ वर्षं लेखा विभागात गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुठलंही पत्र लिहायला घेतलं की शेवटी ‘मार्गदर्शन व्हावे ही विनंती’ असं लिहायला हात शिवशिवतो. सरकारी टेबलावर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना या वाक्याची खरी किंमत माहीत आहे. काय करायचं ते मला कळतंय, पण उद्या प्रकरण अंगाशी आलं तर कागदावर तुमची सही असू द्या, एवढाच त्याचा अर्थ.

गेले दोन महिने अशाच एका माणसाची आवक-जावक वाचत बसलोय. माणूस १९०० वर्षांपूर्वीचा. धाकटा प्लिनी. उत्तर इटलीतल्या कोमोचा, वकील, सिनेटर, घरचा गडगंज. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि त्यात ज्याचा मामा गेला, तोच हा. ज्वालामुखीची ती दोन पत्रं सगळ्यांना ठाऊक असतात. मला नाद लागला तो त्याच्या पत्रांच्या दहाव्या पुस्तकाचा. १२१ पत्रं. प्लिनीने सम्राट ट्राजनला पाठवलेली आणि ट्राजनकडून आलेली उत्तरं. रोमन म्हटलं की डोळ्यांपुढे ग्लॅडिएटर येतात. इथे नाले आहेत, खचलेल्या भिंती आहेत, प्रवासाचे परवाने आहेत. मला तर साम्राज्य यातच जास्त दिसलं.

आधी जागा सांगतो. बिथिनिया-पाँटस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानची काळ्या समुद्राकडची बाजू. तिथल्या चौथ्या निकोमिडीस राजाने इ.स.पू. ७४ च्या सुमारास मरताना आपलं राज्य मृत्युपत्राने रोमला देऊन टाकलं. शहरं ग्रीक बोलणारी, पैसेवाली आणि एकमेकांवर जळणारी. रोमहून गव्हर्नर यायचे, खायचे आणि जायचे. त्यातल्या दोघांना, ज्युलियस बासस आणि वॅरेनस रूफस यांना, इथल्या लोकांनी सिनेटपुढे खेचलं. दोघांचंही वकीलपत्र कोणी घेतलं होतं? प्लिनीने. आणि इ.स. ११० च्या सुमारास या प्रांताचे हिशेब तपासायला ट्राजनने खास आपला माणूस म्हणून कोणाला पाठवलं? प्लिनीलाच. आरोपीच्या वकिलाला ऑडिटर नेमण्याचा प्रकार.

इफेससपासून पुढे थोडं गाडीने, थोडं बोटीने, वाटेत उकाडा आणि ताप, असं करत १७ सप्टेंबरला गडी प्रांतात पोचला. दुसऱ्या दिवशी सम्राटाचा वाढदिवस. तो झाला, आणि लगेच प्रुसा शहराच्या वह्या उघडल्या. सुरुवातीलाच मागणी : एक मोजणीदार पाठवा, कामांची मापं नीट घेतली तर काम बघणाऱ्यांकडून बराच पैसा वसूल होईल. ट्राजनचं उत्तर असं, की रोममधल्या आणि आसपासच्या कामांनाच मोजणीदार जेमतेम पुरतात, विश्वासू माणसं प्रत्येक प्रांतात असतात, तिथेच शोध. थोडक्यात, पद मंजूर नाही, स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी.

माझी सगळ्यात लाडकी नस्ती निकोमिडियाच्या पाण्याची. शहराने बाहेरून पाणी आणायला उंच कमानींचा कालवा काढला. खर्च ३३ लाख १८ हजार सेस्टर्स (रोमन नाणं). काम अर्धवट सोडलं, वर बांधलेलं पाडलंही. मग दुसरा कालवा, त्यावर २ लाख. तोही सोडला. त्या काळी लिजनच्या, म्हणजे रोमन पलटणीच्या, साध्या शिपायाला वर्षाला १२०० सेस्टर्स मिळत, म्हणजे पहिल्याच कालव्यात पावणेतीन हजार शिपायांचा वर्षाचा पगार गेला आणि घोटभर पाणी आलं नाही. प्लिनी स्वतः जाऊन झरा बघून आला. लिहितो की पाणी स्वच्छ आहे, काही जुने दगड पुन्हा वापरता येतील, फक्त पाण्याच्या कामातला जाणकार किंवा आर्किटेक्ट पाठवा. ट्राजन म्हणतो, पाणी आलंच पाहिजे, पण आधी हे शोधून काढ की कोणाच्या चुकीने एवढा पैसा गेला. एकमेकांची सोय बघण्यासाठी कालवे सुरू करायचे आणि सोडून द्यायचे, असं तर चाललं नव्हतं ना? ‘संगनमत’ हा शब्द तेवढा वापरायचा राहिला.

निसियाचं थिएटर त्याहून महाग. कानावर आलेला आकडा १ कोटीच्या वर, आणि बांधकाम पुरं व्हायच्या आधीच खचलेलं, भेगा पडलेल्या. जमीन पाणथळ असेल किंवा दगडच ठिसूळ असेल. तिथल्याच व्यायामशाळेच्या भिंती २२ फूट जाडीच्या, तरी त्या वरचा भार पेलणार नाहीत असं एका आर्किटेक्टचं मत. प्लिनी इमानदारीने पुढे लिहितो की हा आर्किटेक्ट पहिल्याचा प्रतिस्पर्धी आहे. हे वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि एकटाच हसलो.

इथपर्यंत करमणूक होती. मग आगीचं पत्र आलं.

प्लिनी प्रांताच्या दुसऱ्या टोकाला दौऱ्यावर असताना निकोमिडियात मोठी आग लागली. कितीतरी घरं गेली, शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या सभेची इमारत आणि इसिस देवीचं देऊळ. मध्ये रस्ता होता तरी दोन्ही जळली. वारा होता हे एक कारण. दुसरं असं की लोक हात बांधून बघत उभे राहिले. आणि सबंध शहरात सार्वजनिक पंप नाही, एक बादली नाही. प्लिनीने साहित्य घ्यायचे आदेश दिले, आणि विचारलं : कारागिरांतले फक्त १५० जण घेऊन आग विझवणारं एक मंडळ काढू का? कारागिराखेरीज कोणी घेणार नाही, दुसरा उद्योग करू देणार नाही, आणि इतक्या थोड्या लोकांवर नजर ठेवणं काही अवघड नाही. मंजुरी मिळण्याआधीच तो केवढ्या हमी देतोय बघा. त्याला उत्तर माहीत होतं.

ट्राजन नाही म्हणाला. हा प्रांत आणि विशेषतः ही शहरं असल्याच गटबाजीने पोखरलेली आहेत हे विसरू नको. त्यांना कुठलंही नाव दे, कुठल्याही कारणासाठी जमव, जमलेली माणसं थोड्याच दिवसांत राजकीय टोळकी होतात. त्यापेक्षा साहित्य ठेव, घरमालकांना सांग, आणि वेळ आलीच तर जमलेल्या गर्दीची मदत घे.

म्हणजे बादल्या मंजूर, माणसं नामंजूर. जे लोक हात बांधून बघत होते त्यांच्याचकडून मदत घ्यायची.

पाच-सहा कोटी लोकांवर राज्य करणारा माणूस दीडशे सुतार-गवंड्यांना घाबरला, हे मला पचत नाहीये. वाचलेली मंडळी इथे आहेत म्हणून विचारतो : तो चुकला, की त्याला काहीतरी असं माहीत होतं जे मला दिसत नाही? मार्गदर्शन व्हावे ही विनंती.

शेवगा | मंगळवार, रात्री ११.१५

काका, कडक! निकोमिडियाचा कालवा वाचून आमच्या सोसायटीची वरची टाकी आठवली. ठेकेदार दोन, टाकी शून्य. जास्त बोलत नाही, कमिटीतले दोघं इथे वाचतात.

त्या प्रवासाच्या परवान्यांचं काय ते सांगा ना.

जुनी_नस्ती | मंगळवार, रात्री ११.५०

शेवग्या, परवाना म्हणजे सरकारी डाकेची गाडी-घोडे वापरायची सम्राटाच्या शिक्क्याची चिठ्ठी. ठरावीकच मिळत आणि त्यावर मुदत असे. प्लिनीने आधी विचारूनही घेतलं होतं की मुदत संपलेले परवाने चालतील का. नाही चालणार, असं उत्तर आलं. आणि शेवटच्या पत्रात हाच माणूस कळवतो की बायकोचे, कॅल्पुर्नियाचे, आजोबा गेले, तिला आत्याकडे तातडीने जायचं होतं, म्हणून मी सरकारी परवाना दिला. आपली परवानगी येईपर्यंत थांबलो असतो तर उपयोग नव्हता. आयुष्यभर नियमाने चाललेल्या माणसाचं हे शेवटचं पत्र. ट्राजनने माफ केलं, दोन ओळींत, नीट शब्दांत. पुढे पत्रं नाहीत. प्लिनी बहुधा तिकडेच वारला.

आणि बायझँटियमचं, म्हणजे आजच्या इस्तंबूलचं, ऐक. ते शहर दरवर्षी एका माणसाला १२००० सेस्टर्स खर्च देऊन सम्राटाला नमस्कार सांगायला रोमला पाठवायचं. शेजारच्या मोएशिया प्रांताच्या गव्हर्नरला नमस्कार सांगायचे वेगळे ३०००. प्लिनीने दोन्ही बंद केले. नमस्कार पत्राने पाठवा म्हणाला.

पाणचक्की | बुधवार, सकाळी ७.३०

नस्तीकाका, प्रश्न बरोबर आहे, पण ट्राजनला भित्रा ठरवण्याआधी थोडं मागे जाऊ.

रोममध्ये आग ही राजकारणाची जुनी पायवाट. क्रॅसस या रोमन धनाढ्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. घर पेटलं की ते आणि शेजारचं घर मातीमोलाने विकत घ्यायचा, आणि त्याच्या पदरी पाचशेहून जास्त बांधकामाचे गुलाम होते. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातला एग्नाशियस रूफस मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अधिकारी असताना त्याने स्वतःचे गुलाम आणि भाड्याची माणसं घेऊन आग विझवायचं पथक काढलं. लोकांनी डोक्यावर घेतला. त्या जोरावर चढत चढत तो कॉन्सलपदापर्यंत, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदापर्यंत, हात पोचवायला निघाला, आणि इ.स.पू. १९ मध्ये कटाच्या आरोपाखाली मारला गेला. लोकांचं जळतं घर वाचवणारा माणूस सम्राटाचा प्रतिस्पर्धी होतो हा धडा तिथला. पुढे इ.स. ६ मध्ये ऑगस्टसने रोमसाठी सरकारी दल उभं केलं : सात तुकड्या, हजारो माणसं, बहुतेक मुक्त झालेले गुलाम, वर सम्राटाने नेमलेला अधिकारी. म्हणजे दल चालतं. फक्त ते आपल्या हाताखाली हवं.

एक दुरुस्तीही करतो. सगळ्या साम्राज्यात बंदी होती असं समजू नका. इटलीत आणि पश्चिमेच्या शहरांत सुतारांची, गोधडीवाल्यांची मंडळं राजरोस होती आणि आगीला धावायची. प्लिनीने स्वतः इटलीत ती पाहिलेली असणार. ट्राजनच्या उत्तरातला भर ‘ही शहरं’ यावर आहे. आणि याच प्रांतातल्या अमिसस शहराने गरिबांच्या मदतीसाठी वर्गणीचं मंडळ चालवायची परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, तुमचा रोमशी स्वतंत्र तह आहे, तुम्हाला अडवत नाही, फक्त पैसा दंगेखोरीला न जाता गरिबांना जावा. आमच्या कायद्याखालच्या इतर शहरांत मात्र हे चालणार नाही.

तेव्हा ही दीडशे सुतारांची भीती नव्हे. शहरातल्या दोन-चार बड्या घराण्यांना हाताशी बांधील दीडशे धट्टीकट्टी माणसं मिळतील, ही भीती.

तिसरीघंटा | बुधवार, दुपारी १.०५

काका, लेख आवडला आणि म्हणूनच भांडायला आलेय.

प्लिनी म्हणजे साहेबाच्या उत्तराची वाट बघणारा बिचारा सज्जन कारकून, असं एक चित्र तुमच्या धाग्यात तयार होतंय. त्याच दहाव्या पुस्तकातलं ९६ वं पत्र तुम्ही गाळलंत. ते ख्रिश्चनांबद्दल आहे. टोळकी जमवू नयेत हा ट्राजनचा हुकूम प्लिनीने प्रांतात जाहीर केला होता. म्हणजे आगीचा तुमचा नियम आणि हा नियम एकच आहे, काका.

या लोकांचा अपराध काय, तर ठरलेल्या दिवशी पहाटे जमायचं, ख्रिस्ताला देव मानून भजन म्हणायचं, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घ्यायची. मग पांगायचं, आणि पुन्हा जमून साधंसुधं जेवायचं. हुकूम निघाल्यावर जेवणही त्यांनी बंद केलं होतं. हे सगळं प्लिनी स्वतः लिहितो. तरी त्याला खात्री करायची होती. म्हणून त्यांच्यात ‘सेविका’ म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम बायकांना त्याने यातना देऊन विचारलं. रोमन कायद्यात गुलामाची साक्ष यातनेशिवाय धरत नसत, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही नेहमीची कार्यपद्धती. दोघींची नावं त्याने लिहिलेली नाहीत. हातात काय आलं? एक वेडगळ, हाताबाहेर गेलेली अंधश्रद्धा, बाकी काही नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि क्रम बघा. कबूल केलेल्यांना तीनदा विचारून त्याने आधीच मारायला पाठवलं होतं. रोमन नागरिक असलेल्यांना तेवढं रोमला धाडायचं टिपून ठेवलं. कारण देतो ते असं, की त्यांचा गुन्हा काहीही असो, असला हट्ट आणि ताठरपणा शिक्षेलाच पात्र आहे. म्हणजे आधी मृत्युदंड, मग मार्गदर्शन व्हावे ही विनंती.

थिएटरच्या भेगांवर हसा हवं तर. मला त्या दोघी दिसत राहिल्या.

शेवगा | बुधवार, दुपारी १.२०

घंटाताई, +१. पण ट्राजन काय म्हणाला यावर?

तिसरीघंटा | बुधवार, दुपारी १.४५

म्हणाला की सगळीकडे एकच नियम लावता येणार नाही. त्यांना शोधत फिरू नकोस. कोणी समोर आणलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा, देवांना नमस्कार करून नाकारलं तर माफी. आणि बिननावाची यादी कुणीतरी फिरवली होती, तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तो फार वाईट पायंडा आहे, आपल्या काळाला शोभत नाही. निनावी तक्रार दप्तरी दाखल, हे काकांना आवडेल. मलाही ते कलम आवडतं, नाही म्हणत नाही.

बाकी पत्राच्या शेवटी प्लिनी समाधानाने सांगतो की ओस पडलेल्या देवळांत पुन्हा गर्दी होऊ लागलीय आणि बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळतंय. म्हणजे तक्रारीमागे कुठेतरी खाटिकाचा गल्लाही असणार.

जुनी_नस्ती | बुधवार, रात्री ९.२०

ताई, तुमचं खरं आहे. मी ते पत्र मुद्दाम टाळलं नाही, पण सोयीस्करपणे मागे ठेवलं. टेबलाच्या या बाजूला बसलेला माणूस मला ओळखीचा वाटला आणि त्या बाजूला उभी असलेली माणसं नीट बघितली नाहीत, हा सवयीचा दोष.

त्या बाजूची दोन प्रकरणं सांगतो, लेखात घ्यायला हवी होती.

एक, उकिरड्यावर टाकलेली मुलं. नको असलेलं मूल उघड्यावर सोडून द्यायचं आणि कोणीतरी उचलून गुलाम म्हणून वाढवायचं, ही त्या जगातली रोजची गोष्ट. अशी मुलं मोठी होऊन म्हणाली की आम्ही जन्माने स्वतंत्र होतो, तर काय करायचं? प्लिनी जुने हुकूम शोधतो, त्याला या प्रांतासाठी लागू पडणारं काही सापडत नाही. ट्राजन सांगतो की त्यांचा दावा ऐकायचा, आणि इतकी वर्षं घातलेल्या जेवणाचा खर्च फेडून मगच सुटका, अशी अट घालायची नाही. हा निर्णय मी तीनदा वाचला.

दुसरं, कॅलिड्रोमस. निकोमिडियात दोन भटारखानेवाल्यांनी एका माणसाला कामावर ठेवलं आणि पुढे डांबून ठेवलं. तो निसटला आणि सम्राटाच्या पुतळ्याला जाऊन बिलगला, म्हणजे आता त्याला अधिकाऱ्यापुढे नेणं भाग. तिथे तो सांगतो : मी लॅबेरियस मॅक्सिमसचा गुलाम. मोएशियात शत्रूने पकडलं, डेशियाच्या (आजचा रुमानिया) डेसेबालस राजाने मला पार्थियाच्या (इराणकडचं राज्य) पॅकोरस राजाला भेट म्हणून पाठवलं, तिथे कितीतरी वर्षं चाकरी केली, मग पळालो आणि इथे आलो. पॅकोरसचं चित्र कोरलेली अंगठी होती, ती चोरीला गेली. उरला होता एक धातूचा लहानसा खडा, पार्थियातल्या खाणीतला म्हणे. प्लिनीने तो खडा पुडीत बांधला, आपल्या अंगठीची चार घोड्यांच्या रथाची मोहोर लावली, आणि माणसासकट रोमला रवाना केला. डॅन्यूबपासून इराणपर्यंतचं अर्धं जग पायाखालून गेलेला माणूस, आणि जमेला काय, तर मुद्देमाल : खडा, नग एक. ट्राजनचं उत्तर पुस्तकात नाही.

काळाचहा | बुधवार, रात्री १०.१०

उशिरा आलो. आपल्याकडचा धागा कोणी जोडलाच नाही म्हणून जोडतो. प्लिनीचा मामा, म्हणजे थोरला प्लिनी, लिहून गेलाय की भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे निकोमिडियाचे पंधरा फसलेले कालवे. त्याच शतकातला एक ग्रीक व्यापारी भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून कापड. आणि पाँपेईत १९३८ साली सापडलेली ती हस्तिदंती बाई! तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती भोकरदनला आणि तेरला मिळाल्यात. खुद्द ट्राजन ११६ मध्ये इराणच्या आखातावर पोचला तेव्हा भारताकडे निघालेलं जहाज बघून म्हणाला, वय असतं तर गेलो असतो.

शेवगा | बुधवार, रात्री १०.१५

चहा, धागा आगीचा आहे, तू व्यापाराला नेलास. वेगळा काढ, येतो तिकडे. (बाईचा फोटो टाक.)

पाणचक्की | गुरुवार, सकाळी ७.४५

चहाच्या आकड्याने मला मात्र मूळ मुद्द्यावर परत आणलं. व्यापारावर, जमिनीवर, डोक्यावर कर होता, पण तो गोळा करायला रोमने माणसं किती ठेवली होती? या पत्रांत शोधा. काळ्या समुद्राच्या किनाऱ्याचा अधिकारी गेवियस बासस, त्याच्या दिमतीला दहा शिपाई, दोन घोडेस्वार आणि एक सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक. हे पुरत नाहीत म्हणून त्याची कुरकुर. जुलिओपोलिस नावाचं लहान गाव रहदारीने टेकीला आलेलं, म्हणून प्लिनी त्याच्यासाठी एक सेंच्युरियन मागतो. ट्राजन म्हणतो, एकाला दिला तर सगळेच मागतील. तुरुंगावर शहराचे गुलाम पहारा देतात, तिथे शिपाई लावू का, असं प्लिनी विचारतो, तर उत्तर येतं : पलटणीतून माणूस कमी करायचा नाही.

मग गाडा हाकत कोण होतं? शहरातले श्रीमंत. पाँपे या रोमन सेनापतीने घालून दिलेल्या कायद्याने नगरसभा होत्या, सभासद व्हायला साधारण तिशीची अट, काही शहरांत प्रवेशाला हजार-दोन हजार दिनार (चांदीची रोमन नाणी) भरायचे. कर वसूल करायचा यांनी, रस्ते बघायचे यांनी, हमाम बांधायचे यांनी. बदल्यात मान, पुतळा, पहिल्या रांगेची जागा. प्लिनी स्वतः त्याच जातकुळीचा, कोमोला वाचनालय त्यानेच बांधून दिलं.

आता हीच मंडळी मुलाला मोठ्यांचा टोगा (रोमन अंगवस्त्र) चढवताना, लग्नात, पद मिळाल्यावर अख्खी नगरसभा आणि गावातले कितीतरी लोक, कधी हजाराच्या वर, बोलवायची आणि प्रत्येकाच्या हातावर एक-दोन दिनार ठेवायची. प्लिनीला शंका येते की हे आमंत्रण आहे की वाटप. ट्राजनलाही येते. पण ते बंद केलं तर राज्य चालवणारे लोक नाराज, आणि मोकळं सोडलं तर एकेकाच्या मागे हजार माणसं. काका, तुमचे दीडशे आगवाले याच चिमट्यात सापडले. स्वस्तात राज्य करायचं तर बड्या लोकांवर टाकावं लागतं, आणि टाकलं की त्यांच्यामागे कोण उभं राहतंय याची धास्ती.

तिसरीघंटा | गुरुवार, सकाळी ११.००

पाणचक्कीराव, पटलं. फक्त हा हिशेब ‘स्वस्त’ कोणाला पडला तेही लिहा. त्याच ट्राजनने डेशिया जिंकल्यावर १२३ दिवस खेळ केले, १०,००० माणसं लढायला उतरवली. पैसा नव्हता असं नाही.

जुनी_नस्ती | गुरुवार, दुपारी ४.३०

पैशावरून आठवलं. प्लिनीने शहरांची थकबाकी वसूल केली, आता रक्कम पडून. कर्ज घ्यायला कोणी तयार नाही. मग त्याची सूचना : नगरसभेच्या सभासदांना सक्तीने कर्ज वाटू या. ट्राजन म्हणतो, व्याज उतरव, पण ज्याला नको त्याच्या गळ्यात मारू नको, हे आपल्या काळाच्या न्यायाला धरून नाही. मार्चअखेर खर्ची टाकायची घाई त्यालाही होती, साहेबाने हात धरला. हा माणूस मला एका ओळीत बसवता येत नाही, ताई. पडून राहिलेल्या पैशाबाबत इतका समंजस, आणि बादली धरायला माणसं मागितली की तोंडावर दार.

शेवगा | गुरुवार, दुपारी ४.४०

काका, निसियाचं थिएटर पुढे पूर्ण झालं का पण?

जुनी_नस्ती | गुरुवार, संध्याकाळी ६.०५

ट्राजनने लिहिलं की जागेवर तू आहेस, तूच ठरव, आणि आर्किटेक्ट रोमहून मागू नको, रोमला येतात तेच मुळात ग्रीसकडून. आज गावाचं नाव इझनिक. थिएटरचे अवशेष तिथे आहेत, कमानींवर उभारलेलं. खचलं म्हणून ओरड झालेली वास्तू उभी आणि त्यावर रिपोर्ट लिहिणारे गेले, हे मी नोकरीतही बघितलंय.

ओलीमाती | गुरुवार, रात्री ११.३०

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. निकोमिडियाचं पुढचं कोणी सांगितलं नाही.

प्लिनीनंतर पावणेदोनशे वर्षांनी सम्राट डायोक्लेशियनने तिथेच राजधानी केली. ३०३ च्या २३ फेब्रुवारीला त्याच शहरातलं ख्रिश्चनांचं प्रार्थनाघर शिपायांनी पाडलं आणि दुसऱ्या दिवशी साम्राज्यभरचा हुकूम लागला. पेटवून द्यायचं असं काहींचं म्हणणं होतं, पण आजूबाजूला मोठ्या इमारती, आग पसरेल म्हणून हत्यारांनी पाडलं. लॅक्टान्शियस हा ख्रिश्चन लेखक तेव्हा तिथेच शिकवायला होता, त्याने लिहून ठेवलंय. थोड्याच दिवसांत राजवाड्यात आग लागली आणि तिचं खापर ख्रिश्चनांवर फुटलं.

मग २४ ऑगस्ट ३५८. पहाटे अंधारून आलं आणि मोठा भूकंप झाला. डोंगरउतारावरची घरं एकमेकांवर कोसळली. अम्मियानस हा रोमन इतिहासकार लिहितो की देवळं, घरं आणि माणसंही बरीचशी वाचली असती, पण मग ठिकठिकाणी आग पेटली, आणि ती पाच दिवस आणि पाच रात्री जळत राहिली.